घेण्याआधी गुडघा बघा: गोव्यातील फुटबॉल क्लबांच्या व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि समिती सदस्य,

सप्रेम नमस्कार.

नोंदणीचे शेवटचे दिवस आले की गोव्यात दरवर्षी तीच धावपळ दिसते. एजंटाचा फोन येतो. मागोमाग तीन मिनिटांचा व्हिडिओ, त्यात नुसते गोल आणि ढणढण संगीत. खेळाडू मोठ्या क्लबातून सुटलेला असतो, मागणी निम्म्यावर आलेली असते आणि व्हिडिओखाली एक ओळ असते: "थोडी इंजुरी होती, आता एकदम फिट." रात्री बैठक होते, सकाळी सही होते, दुपारी जर्सी हातात धरलेला फोटो सोशल मीडियावर पडतो. संघाच्या फिजिओला बातमी कळते ती त्या फोटोवरून.

हे पत्र लिहिणारे आम्ही गोव्यातल्या संघांसोबत काम करणारे फिजिओ आणि फिटनेस प्रशिक्षक आहोत. तो खेळाडू सहाव्या सामन्यात मांडीचा मागचा भाग धरून खाली बसला की "काय केलेत तुम्ही याचे?" हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. त्याला घ्यावे का, हे मात्र कोणीच विचारलेले नसते.

सतत जखमी होणारा खेळाडू घेऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या बजेटात नावाजलेला खेळाडू येतो तो बहुधा त्याचे शरीर कुरकुरू लागलेले असते म्हणूनच. अशांतले काही चांगले निघतात. बार्सिलोनाने २०१७ मध्ये दहा कोटी युरोंहून जास्त मोजून घेतलेला उस्मान डेम्बेले तिथे वर्षानुवर्षे मांडीच्या दुखापतींनी बाहेर बसला, आणि पॅरिसला गेल्यावर वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी'ओर २०२५ मध्ये घेऊन आला. आमची तक्रार आहे ती न बघता घेण्याबद्दल. बाजारात बांगडा घेतानाही आपण आधी गालफड उचलून बघतो.

पहिला आक्षेप क्रमाबद्दल. आपल्याकडे आधी सही होते, मग मेडिकल. फिफाच्या खेळाडू-हस्तांतर नियमावलीतील कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की कराराची वैधता वैद्यकीय तपासणी पास होण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणजे "मेडिकलमध्ये नापास झाला तर करार रद्द" हे वाक्य करारात घातले तरी ते टिकत नाही. तपासणी करायची ती सहीच्या आधी. सही झाली की गुडघा तुमचा. पुढे तो जखमी झाला म्हणून करार मोडू म्हटले तर दुखापत हे त्यासाठी योग्य कारण धरले जात नाही, आणि उरलेला पगार द्यावा लागतो. काही क्लब यावर वेगळीच युक्ती करतात. खेळाडूशी बोलणेच टाकतात, पगार लांबवतात, तो कंटाळून स्वतःच जाईल म्हणून वाट बघतात. ही युक्ती तक्रार-समितीसमोर टिकत नाही, आणि पुढच्या वर्षी चांगला खेळाडू तुमचा फोन उचलत नाही.

हा क्रम पाळल्याने काय होते आणि मोडल्याने काय, याची दोन उदाहरणे फुटबॉलवेड्या गोव्यात सांगायला नकोत, तरी सांगतो. रूड व्हान निस्टलरॉय २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडला जायचा होता. तपासणीत गुडघ्याबद्दल शंका आली, क्लब थांबला, आणि काही दिवसांतच सरावात त्याचे लिगामेंट तुटले. क्लबाने वर्षभर वाट बघितली, २००१ मध्ये त्याला घेतले आणि पाच सीझनमध्ये त्याने १५० गोल केले. थांबल्यामुळे खेळाडू हातचा गेला नाही, बरा होऊन आला. दुसरे उदाहरण जोनाथन वुडगेटचे. रिआल माद्रिदने २००४ च्या ऑगस्टमध्ये त्याला घेतले तेव्हा तो जखमीच होता. अख्खा सीझन तो बाहेर. पहिला सामना खेळला सप्टेंबर २००५ मध्ये, त्यात स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. रिआलच्या तिजोरीला ते सोसले. आपल्या क्लबांचे अशा एका चुकीत अर्ध्या वर्षाचे बजेट जाते.

दुसरा आक्षेप असा की खेळाडूचा इतिहास कोणी वाचत नाही. "इंजुरी-प्रोन" हा शब्द आपण फार सैल वापरतो. पायावर कोणी बूट ठेवला आणि हाड मोडले, ते जुळले, तो परत आला, तर हा अपघात. त्यात घाबरण्यासारखे फारसे नाही. उजव्या मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दोन वर्षांत तीनदा गेला असेल तर तो मात्र अपघात नव्हे. हॅमस्ट्रिंगवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की आधी दुखापत झालेल्याला ती पुन्हा होण्याचा धोका जवळपास पावणेतीन पट असतो. जुनी दुखापत त्याच सीझनमधली असेल तर जवळपास पाच पट. आणखी एक गोष्ट क्लबांच्या लक्षातच येत नाही: गुडघ्याचे एसीएल, म्हणजे गुडघा आतून बांधून ठेवणारे लिगामेंट, आधी गेलेले असेल तर हॅमस्ट्रिंगचाही धोका वाढतो. एसीएल बऱ्याचदा हॅमस्ट्रिंगचीच शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी कंडरा, काढून बांधलेले असते. ती ज्या पायातून काढली त्या पायाचे बळ किती परत आले हे कोणी मोजलेले नसते.

म्हणून मागच्या तीन सीझनचा तक्ता मागा. किती सामने बाहेर, हे पुरेसे नाही. कुठला अवयव, कुठली बाजू, कुठल्या तारखेला लागले, कुठल्या तारखेला परतला, परतल्यावर पहिल्या पाच सामन्यांत किती मिनिटे खेळला, हे हवे. परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत तीच दुखापत पुन्हा झाली असेल तर त्याला लवकर उलटलेली दुखापत म्हणतात. अशा दोन नोंदी दिसल्या तर एक तर घाई झाली आहे किंवा मूळ कारण सापडलेलेच नाही. शेवटच्या क्लबात तो "उपलब्ध" होता म्हणजे काय, तेही विचारा. ७५ व्या मिनिटाला मैदानात उतरणारा खेळाडू कागदावर उपलब्धच असतो.

ऑपरेशन झालेले असेल तर ऑपरेशनची नोट मागा. डिस्चार्जचा कागद नव्हे, ऑपरेशनची नोट. त्यात दोन गोष्टी बघायच्या: एसीएलसाठी शीर कुठून घेतली, आणि मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शिवली की कापून काढली. शिवलेल्याला बरे व्हायला वेळ लागतो, पण गादी शाबूत राहते. कापलेला लवकर मैदानात येतो, म्हणून एजंट तो कौतुकाने दाखवतात. पण भार वाढला की गुडघ्याला पाणी होते आणि पुढे झीज लवकर सुरू होते. एसीएलच्या ऑपरेशनला नऊ महिने झाले का, तेही तारखेने मोजा. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने पुढे ढकलले जाते तितकी दर महिन्याला गुडघा पुन्हा जाण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटते, असे या विषयावरचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास सांगतो. हे सगळे कागद खेळाडूच्या लेखी संमतीनेच मागवायचे. संमती द्यायला तो कां-कूं करतो आहे, हीसुद्धा एक माहितीच आहे.

तिसरा आक्षेप तपासणीच्या दर्जाबद्दल, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण "तेवढी मशिनरी आपल्याकडे कुठे?" हे उत्तर आम्ही फार वेळा ऐकले आहे.

सध्या मेडिकल म्हणजे रक्त, ईसीजी आणि फार तर एमआरआय. ईसीजी आणि हृदयाची इको सोडूच नका. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरच्या मैदानात गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर सामन्यात कोसळला आणि गेला, ते गोव्याने विसरायचे नाही. पण एमआरआयला रचना दिसते, ताकद दिसत नाही. स्नायू भरून आलेला दिसतो. धावताना पाय पुढे फेकून टाच जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी तो स्नायू ताण सहन करेल का, हे फिल्मवर लिहिलेले नसते. हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा त्याच क्षणी फाटते.

त्यासाठी काय लागते? डॉक्टरकडचा साधा काट्याचा बीपीचा पट्टा, शिंप्याची मोजपट्टी, साठ सेंटिमीटर उंचीचा एक खोका आणि एक भिंत. वेळ चाळीस मिनिटे.

खेळाडूला पाठीवर झोपवायचे, गुडघे वाकवून पावले जमिनीवर. पट्टा गुंडाळून गुडघ्यांच्या मध्ये ठेवायचा आणि काटा १० वर येईपर्यंत हवा भरायची. मग "दाब" म्हणायचे. पाच सेकंद पूर्ण जोर, थोडी विश्रांती, असे तीनदा. जांघ निरोगी असेल तर काटा सरळ चढतो, तिन्ही वेळा जवळपास तिथेच थांबतो आणि खेळाडू आपल्याशी बोलत असतो. जांघ दुखरी असेल तर काटा चढता चढता थरथरतो, तिसऱ्या वेळी खाली राहतो आणि बोलणे बंद होते. आमचे लक्ष आकड्यापेक्षा त्या घसरणीवर आणि चेहऱ्यावर असते. आकडा खेळाडू विसरतो. कपाळावरची आठी त्याला लपवता येत नाही.

मग खोका. पाठीवर झोपून एका पायाची टाच खोक्यावर, गुडघा किंचित वाकलेला, हात छातीवर, दुसरा पाय वर धरलेला. टाचेवर जोर देऊन कंबर उचलायची आणि खाली आणायची. किती वेळा जमते ते मोजायचे. एका पायावर वीसच्या आत दमला तर हॅमस्ट्रिंग कच्ची, तीसच्या वर गेला तर चांगली. डावीकडे ३१ आणि उजवीकडे १७ असा निकाल आला तर व्हिडिओतला कुठला गोल उजव्या पायाने किती वर्षांपूर्वी मारलेला आहे ते पुन्हा बघा.

घोट्यासाठी भिंत. अंगठा भिंतीपासून दूर दूर नेत गुडघा भिंतीला टेकवायचा, टाच उचलायची नाही. टाच न उचलता जमलेले सर्वांत जास्त अंतर मोजायचे. एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे घोट्याच्या वाकण्यात सुमारे साडेतीन अंशांचा फरक. दोन पायांत दोन-तीन सेंटिमीटरची तफावत असेल तर तो घोटा बहुधा पूर्वी वाईट मुरगळलेला आहे, मग खेळाडू काहीही म्हणो. मोजपट्टीने गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर दोन्ही बाजूंनी घ्या. ऑपरेशन झालेल्या पायाची मांडी बारीक असेल तर रिहॅब, म्हणजे ऑपरेशननंतर बळ परत आणणारा व्यायाम, बहुधा अर्धवट सुटलेले आहे.

या सगळ्याहून मोलाची आहे ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. संध्याकाळी पूर्ण सराव द्या, सकाळी उठल्यावर गुडघा बघा, लगेच पुन्हा सराव द्या. वाटीच्या बाजूचा खळगा भरलेला दिसला, हात फिरवल्यावर पाणी एका बाजूकडून दुसरीकडे सरकले, की निकाल लागला: गुडघा अजून बरा नाही. ट्रायल एका दिवसाची ठेवली तर हे कधीच कळत नाही, आणि एजंट एकाच दिवसाची ट्रायल का मागतात ते यातून उमगावे. ट्रायलच्या आधी दोन दिवस पेनकिलर बंद ठेवायला सांगा. स्टिरॉइडचे इंजेक्शन कधी, कुठे घेतले, याची लेखी नोंद घ्या: १ जानेवारी २०२२ पासून अशी सर्व इंजेक्शने स्पर्धेच्या काळात उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत. म्हणजे न विचारल्यास गुडघ्याबरोबर डोपिंगचे लचांडही आपल्या दारी येते. आणि हो, घोट्याला टेप मारून ट्रायल देऊ देऊ नका. टेप काढा, मग धावू द्या.

चौथा आक्षेप पैशांच्या मांडणीबद्दल. समजा एका सीझनला १२ लाख ठरले आणि सामने २०. कागदावर सामना पडला ६० हजारांना. खेळाडू आठच सामने खेळला तर तोच सामना दीड लाखांना पडतो. त्यावर त्याच्या जागी आयत्या वेळी आणलेल्या खेळाडूचा पगार. तो परदेशी असेल तर परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागांपैकी एक जागा उपचाराच्या खाटेवर झोपलेली. यातले काहीच बैठकीत मांडले जात नाही.

मांडले जाते तेव्हा उपाय एकच सुचतो: "सामना खेळला तर पैसे." हा उपाय दिसायला चलाख आहे, पण उलटतो. सामन्यागणिक पैसे लावले की खेळाडू दुखणे लपवतो, दोन गोळ्या खाऊन उतरतो, आणि दहा दिवसांची ओढ तीन महिन्यांची फाटणी होते. कायम पगार घरखर्च चालेल इतका ठेवा, सामन्यांचा भाग एकूण रकमेच्या चौथाईच्या वर नेऊ नका, आणि फिजिओने थांबवलेले सामने त्या हिशेबात खेळले असेच धरा. दुसऱ्या क्लबाला द्यायची रक्कम मात्र हप्त्यांत आणि सामन्यांच्या संख्येशी बांधून ठरवा. तिथे घासाघीस करायला काहीच हरकत नाही, कारण माल कसा आहे ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून सीझनपुरता उसना, घेऊन सीझननंतर विकत घेण्याचा पर्याय ठेवणे आणखी बरे. विमा काढताना जुन्या दुखापती पॉलिसीतून बहुधा वगळलेल्या असतात. सही करण्याआधी ते पान वाचा.

पाचवी गोष्ट घेतल्यानंतरची. हॅमस्ट्रिंग वाचवणारा नॉर्डिकचा व्यायाम, गुडघ्यांवर बसून जोडीदाराने घोटे धरायचे आणि शरीर हळूहळू पुढे सोडायचे, तो नीट केला तर अशा दुखापती जवळपास निम्म्या होतात. पण त्याचा ठरलेला कार्यक्रम दहा आठवड्यांचा आहे. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचच्या दोन फेऱ्या. चौथ्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा, आठ ते दहाच्या तीन फेऱ्या. लीगच्या आधी बारा दिवस आलेल्या खेळाडूला हे देताच येत नाही. घाईने दिले तर मांड्या इतक्या आखडतात की तो सरावालाच उभा राहत नाही, आणि प्रशिक्षक म्हणतात, "बघा, तुमच्या व्यायामानेच गेला." दुखरा खेळाडू घ्यायचाच तर आधी घ्या. शेवटच्या आठवड्यात घ्यायचा तो धडधाकट.

गोव्यातली मैदाने हा यातला आपला खास भाग. ऑगस्टमध्ये चिखल, बूट रुततो, गुडघा वळतो आणि पाऊल वळत नाही. ऑक्टोबरात तेच मैदान उन्हाने टणक, नडगी आणि टाचेची शीर बोलू लागते. मध्येच कृत्रिम टर्फवरचा सामना. एकेक पृष्ठभाग शरीर सांभाळते. एकाच आठवड्यात तिन्ही बदलले की जुने दुखणे डोके वर काढते. रिहॅबमधून आलेल्या खेळाडूला पहिले सहा आठवडे टर्फवरचे सामने देऊ नका, एवढे तरी पाळता येण्यासारखे आहे.

आणि आंतरग्राम स्पर्धा. शेत कापले की त्याच शेतात गोलपोस्ट उभे राहतात, बक्षिसाची रक्कम मोठी असते, गावचा मान असतो, आणि करारात बांधलेला खेळाडू तिथे टोपणनावाने खेळतो. सगळ्यांना ठाऊक असते, समितीलाही. बंदी घालून हे थांबलेले नाही. निदान गेल्या सहा महिन्यांत महिनाभराहून अधिक बाहेर राहिलेल्या खेळाडूपुरते तरी हे करारात स्पष्ट लिहा, आणि त्या काळातला पगार वेळेवर द्या. पगार तीन महिने अडला की शेतातले बक्षीस कोण सोडणार?

२००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात सीझन देशाचे विजेतेपद गोव्यात आले. कधी धेंपो, कधी चर्चिल ब्रदर्स, कधी साळगावकर. धेंपोची ती फळी आठवा: महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. वर्षानुवर्षे एकत्र खेळलेली माणसे. आज बाहेरून आणलेल्या नावाला तिसरी संधी मिळते, आणि गुडघा गेलेल्या आपल्या वीस वर्षांच्या मुलाला करार संपल्याचा मेसेज. त्याचे ऑपरेशन गावाने वर्गणी काढून करायचे, हा आमचा शेवटचा आणि सर्वांत कडवट आक्षेप.

आमच्या मागण्या या आहेत.

कुठलीही सही होण्याआधी निदान तीन दिवस, दोन सलग सरावांसह, तपासणी व्हावी, आणि फिजिओचा लेखी अभिप्राय बैठकीच्या कागदांत जोडावा. तो अभिप्राय समितीने मानलाच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. न मानल्यास का, ते इतिवृत्तात दोन ओळींत लिहा, म्हणजे सहाव्या सामन्यानंतर शोधाशोध नको.

तीन सीझनचा दुखापतींचा तक्ता आणि ऑपरेशनची नोट नसेल तर करार एका सीझनपेक्षा मोठा करू नये.

क्लबासाठी खेळताना किंवा सराव करताना जखमी झालेल्या खेळाडूचा उपचार आणि रिहॅब, करार मध्ये संपला तरी, तो मैदानात परतेपर्यंत क्लबाने करावा. स्थानिक असो वा परदेशी.

खेळाडू परत कधी उतरणार हे फिजिओ आणि डॉक्टर ठरवतील. डर्बीची तारीख बघून समितीतला कोणी फोन करणार नाही.

चाचण्यांचा एक पानी तक्ता आम्ही तयार केला आहे. पुढच्या ट्रायलच्या वेळी बीपीचा पट्टा आणि मोजपट्टी आम्ही घेऊन येतो. खोका मैदानावर कुठेतरी मिळेलच. ऑपरेशनची नोट तेवढी मागवून ठेवा.

आपले,
गोव्यातील मैदानांवर काम करणारे काही फिजिओ आणि फिटनेस प्रशिक्षक